ज्या रिंगमध्ये मोजत नाहीत

तिने माझ्या आईच्या डोक्यावर हात ठेवला.

आई रिंगच्या मधोमध एक गुडघा टेकून बसली होती. मान खाली. उजवा ग्लोव्ह जमिनीला टेकलेला. समोर जी उभी होती ती जेमतेम सव्वीस-सत्तावीसची असेल, कुठल्याशा कंपनीत मार्केटिंगची हेड. तिने आपला गुलाबी ग्लोव्ह आईच्या केसांवर ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली.

करण सर म्हणाले, "होल्ड इट, होल्ड इट. मावशी, मान अजून थोडी खाली."

आईने मान अजून थोडी खाली केली.

आमच्याकडे डोक्यावर हात मोठी माणसं ठेवतात. लहानांनी वाकायचं असतं. माझी आई शेहेचाळीस वर्षांची आहे. पण त्या हॉलमध्ये हे कोणालाच खटकलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते. फोटो चांगला आला. तो मीच काढला होता, कारण माझी नोकरी तीच होती.

अंधेरी वेस्टला एका जुन्या कारखान्याच्या गाळ्यात ही जिम आहे. बाहेरून काच, आतून मुद्दाम न रंगवलेल्या विटा. आई तिथे काम करते. ती शिकवते असं मी लोकांना सांगायचे, ते पूर्ण खरं नव्हतं. शिकवायला वेगळी मुलं आहेत, माझ्याच वयाची. त्यांना सगळे कोच म्हणतात. आईला मावशी म्हणतात. लादी पुसायला येणाऱ्या बाईलाही तिथे मावशीच म्हणतात, त्यामुळे हाक आली की दोघी वळून बघतात.

आईचं खरं काम शनिवारी संध्याकाळी असायचं. ज्या मेंबरचा बॉक्सिंगचा कोर्स संपला, त्याने घरच्यांना आणि ऑफिसच्यांना बोलवायचं आणि एका खऱ्या चॅम्पियनशी तीन राउंड लढायचं. बायका असतील तर समोर आई. पोस्टरवर तिचं नाव नव्हतं. 'आयर्न मावशी' असं लिहिलेलं होतं, आणि खाली इंग्रजीत, हिला हरवू शकाल का?

हरवता येणारच होतं. तशी सोयच केलेली होती. आईने चेहऱ्यावर मारायचं नाही, कारण मेंबरला सोमवारी मीटिंग असते. मेंबरने कुठेही मारलं तरी चालतं. तिसऱ्या राउंडमध्ये करण सर रिंगच्या कोपऱ्यातल्या खांबावर दोनदा टकटक करायचे. रेफरी तेच, मालकही तेच. ती टकटक ऐकली की पुढच्या ठोशाला आईने गुडघा टेकायचा. मग मोजणी नाही. खऱ्या लढतीत माणूस खाली गेला की रेफरी दहापर्यंत मोजतो, डोळ्यांत बघतो, उभा राहू शकतो का ते तपासतो. इथे कोणी मोजत नसे. ठरवून पडलेल्याला काय मोजायचं?

मग फोटो.

मी या सगळ्याचे छोटे व्हिडिओ करायचे आणि खाली चटपटीत इंग्रजी ओळी लिहायचे. ही नोकरी मला आईमुळेच मिळाली. करण सर म्हणाले होते, "मावशी, तुमची मुलगी इतकं छान इंग्लिश बोलते? रिअली?" ते कौतुक होतं असं आई आजही मानते. मी मानत नाही. ज्या कौतुकात आश्चर्य जास्त असतं ते मी बाजूला काढून ठेवते.

ही सवय शाळेतली. आम्ही घाटकोपरचे, बाबा केमिस्टच्या दुकानात काउंटरवर, आणि मी इंग्रजी माध्यमात. चौथीत असताना आई पालकसभेला आली ती डावा डोळा काळानिळा घेऊन. आदल्या दिवशी राज्य स्पर्धेत तिने पदक मिळवलं होतं. टीचरने तिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. आई म्हणाली, "हो की. बॉक्सिंग करते मी." टीचरने तिचा हात धरला आणि जास्तच हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मला सांगू शकता." पुढे कित्येक महिने वर्गातल्या मुलांच्या आया माझ्याशी फार प्रेमाने बोलायच्या आणि बाबा शाळेत सोडायला आले की त्यांच्याकडे वाईट नजरेने बघायच्या. माझे बाबा झुरळसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडतात.

तेव्हा कळलं. या लोकांच्या डोक्यात आपल्यासाठी एक जागा आधीच ठरलेली असते. मार खाणारी बाई त्यांना लगेच पटते. मारणारी पटत नाही.

आईने चाळिशी ओलांडली आणि अधिकृत स्पर्धा बंद झाल्या. नियमच आहे तो. ज्या दिवशी तिचं वय बसेना, त्या दिवशी ती घरी आली, कुकर लावला आणि म्हणाली, "माझं रिफ्लेक्स अजून पंचविशीतलं आहे." मग करण सर भेटले. आईला पैशांचं फार नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. तिला दोर हवे होते. चारी बाजूंनी दोर, पायाखाली कॅनव्हास आणि घंटा. समोर कोण आहे आणि कशासाठी आहे हे ती विचारत नसे.

मी एकदा विचारलं, "आई, तुला राग नाही येत? त्या डोक्यावर हात ठेवतात."

"नाटक असतं गं ते."

"त्यांच्यासाठी नाही."

"एकेकीला मी पहिल्या मिनिटात झोपवली असती. पण मग सरांच्या जिममध्ये कोण येणार? तू पण ना."

नाटक. हा शब्द ती फार वेळा वापरायला लागली तेव्हा मला संशय आला.

व्हिडिओ कापायचं काम करणाऱ्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघावी लागते. हळू करून, थांबवून, मागे नेऊन. आईचं ठरवून पडणं कसं असतं ते मला पाठ झालं होतं. आधी उजवा ग्लोव्ह खाली येतो, कॅनव्हासला टेकतो, मगच डावा गुडघा वाकतो. सावकाश, देवासमोर बसल्यासारखं. पावसाळ्यानंतरच्या एका व्हिडिओत ग्लोव्ह खाली आलाच नाही. आधी गुडघा गेला. मग आईने घाईघाईने ग्लोव्ह टेकला. टकटक झाली होती, वेळ बरोबर होती, प्रेक्षकांना काही दिसणं शक्य नव्हतं. मला दिसलं. मी तो तुकडा इतक्या वेळा पाहिला की शेवटी माझाच माझ्या डोळ्यांवरचा विश्वास गेला.

मग मी घरी बघायला लागले. आई आमटीत मीठ घालायची, बाजूला व्हायची, पुन्हा येऊन मीठ घालायची. दाराची कडी लावताना तिचा हात कडीच्या जरा बाजूला जायचा. बाबांनी सांगितलेली गोष्ट ती थोड्या वेळाने त्यांनाच नवी म्हणून सांगायची. आणि प्रत्येक वेळी मोठ्याने हसायची. आधी ती इतकं मोठ्याने हसत नसे.

मी म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊया."

ती चिडली. चिडली की तिच्या तोंडात मालवणी येते. "माका काय झाला? गप रव. कॉम्प्युटरवर बघून बघून तुझेच डोळे गेले."

मी करण सरांकडे गेले. मला लोकांशी बोलायला जमत नाही, त्यामुळे काय बोलायचं ते इंग्रजीत मनात नीट जुळवून गेले. म्हटलं, आईचं पडणं मला खरं वाटतंय, तिला काही शनिवार सुट्टी द्या. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मान हलवली. मग म्हणाले, "बेटा, तिला विचारू? ती जर म्हणाली की फिट आहे, तर मी कोण नाही म्हणणारा? इट्स हर चॉइस ना."

त्यांनी तिला विचारलं. माझ्यासमोरच विचारलं. आई म्हणाली, फिट आहे. आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची चुगली केली.

त्यांना माहीत होतं ती काय म्हणणार. म्हणूनच विचारलं.

त्यानंतरचा शनिवार तनिशाचा होता. तनिशा उंच, लांब हातांची. बाकीच्या मेंबरना कोच शिकवायचे. हिने आईला मागून घेतलं होतं आणि आई तिच्यावर खूश होती. "पोरीचा डावा हुक बघ," मला सांगायची. "तो माझा आहे. हिने लवकर सुरू केलं असतं तर पदक होतं." माझ्याबद्दल आई इतक्या उत्साहाने कधी बोललेली मला आठवत नाही. तनिशा वाईट नव्हती. ती आईला मावशीजी म्हणायची आणि तिच्यासाठी कधी कधी बदाम आणायची. मला ती दर वेळी नव्याने नाव विचारायची.

हॉल भरला होता. तिचे आईवडील पहिल्या रांगेत बसले होते. मी दोरांजवळ खाली, शूटिंगसाठीचा जिमचा फोन हातात.

पहिला राउंड छान गेला. आई हलकी वाटत होती. मला क्षणभर वाटलं, आपणच वेड्या आहोत.

दुसऱ्या राउंडमध्ये तनिशाने डावा हुक मारला. आईचाच हुक, आईने शिकवला तसा, कमरेतून. तो कानामागे लागला. आवाज फार मोठा नव्हता.

आई खाली गेली. ग्लोव्ह टेकला नाही. आधी गुडघे, दोन्ही, मग कूस. तोंडातलं रबराचं गार्ड बाहेर पडून कॅनव्हासवर घरंगळलं.

टकटक झालेली नव्हती. दुसराच राउंड होता. हे हॉलमध्ये तिघांनाच माहीत होतं. आई, मी आणि करण सर. मी सरांकडे बघितलं. त्यांनी आईकडे बघितलं. मग प्रेक्षकांकडे. आणि मग, आई पडल्यानंतर, त्यांनी खांबावर दोनदा टकटक केली.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी चूक सुधारली. तिचं पडणं कार्यक्रमात बसवून घेतलं.

टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या. तनिशाने दोन्ही हात वर केले, मग तिला ठरलेलं आठवलं असावं. ती वाकली. आई कुशीवर होती, तरी तिने ग्लोव्ह तिच्या डोक्यावर ठेवला आणि माझ्या कॅमेऱ्याकडे हसून बघितलं. सर मला म्हणाले, "क्लोज घे, क्लोज."

मी फोन खिशात टाकला.

मी दोरांखालून आत शिरले. मी त्या रिंगमध्ये याआधी कधी पाय ठेवला नव्हता. मला माझ्या वर्गातसुद्धा उभं राहून धडा वाचायला भीती वाटायची. मी आईजवळ गुडघ्यांवर बसले आणि कॅनव्हासवर हात आपटला.

"एक."

कोणालाच ऐकू गेलं नाही. मी पुन्हा हात आपटला. "दोन."

"तीन."

सर हसत आले. "अरे, ये क्या नया आयटम है?"

"चार."

आणि मग ते घडलं ज्याची मी कल्पना केली नव्हती. ते लोक माझ्याबरोबर मोजायला लागले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच आहे. पाच मी मराठीत म्हटलं आणि मागून शंभर आवाजांनी फाइव्ह म्हटलं. सिक्स. सेव्हन. पाय आपटत, हसत. पहिल्या रांगेतून तनिशाचे वडील फोनवर शूट करत होते. मी ज्या गोष्टीला नाही म्हणायला आत आले होते, त्या गोष्टीने मला गिळून टाकलं. तरी मी थांबले नाही. मोजणी अर्धवट सोडत नाहीत, एवढं मला आईमुळे माहीत होतं.

दहा.

मग मी तनिशाचा ग्लोव्ह धरला आणि आईच्या डोक्यावरून उचलला. "हात काढ," म्हटलं. मराठीत. तिला मराठी येत नव्हतं, पण ती मागे सरकली.

उभी राहून मी लोकांकडे तोंड केलं आणि या वेळी इंग्रजीत बोलले, कारण हे त्यांना कळायला हवं होतं. ही खरोखर पडली आहे, मी म्हटलं. हे ठरलेलं नव्हतं. बाकी सगळं ठरलेलं असतं. प्रत्येक शनिवारी ठरलेलं असतं. तुम्ही कोणी कधीही हिला हरवलेलं नाही. आज पहिल्यांदा कोणीतरी हरवलं, आणि तुम्ही हसताय.

अजूनही मागे कोणीतरी एकटा टाळ्या वाजवत होता, मग तोही थांबला. तनिशाने ग्लोव्ह तोंडावर धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशासाठी, आईसाठी की तिच्या बिघडलेल्या संध्याकाळसाठी, हे मी ठरवायला गेले नाही.

आईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे.

"रिंगमध्ये चपला घालून आलीस?" ती म्हणाली.

तिला बाकावर बसवलं, बर्फ दिला, बाबांना फोन केला. तेवढ्यात करण सर आले. मला वाटलं, ते माझ्यावर ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांचे डोळे चमकत होते.

"सुन, वो काउंटिंगवालं तू शूट केलंस का? दुसऱ्या कॅमेऱ्यावर आलंय? मुलगी आईसाठी मोजतेय. गूजबम्प्स, यार. पुढच्या शनिवारपासून हेच ठेवूया. तू काउंट करायचं."

मी म्हटलं, "नाही."

"बेटा, मावशीचंच नाव होईल."

"नाव कुठे आहे तिचं? पोस्टरवर मावशी आहे."

ते आईकडे वळले. "मावशी, समजवा हिला."

आईच्या कानाला बर्फाची पिशवी होती. पाणी गळून मानेवरून खाली जात होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐक त्यांचं. तुला काय जातंय मोजायला? आणि नीट मोज. घाई केलीस तू. मी सातला उठत होते."

ती उठत नव्हती. मी बघत होते. तिच्या पापण्यासुद्धा हलत नव्हत्या.

तो क्षण माझा आहे. रिंगमधला नाही, हा. रिंगमध्ये मला वाटत होतं की एका बाजूला ते आणि एका बाजूला आम्ही दोघी. बाकावर मला दिसलं की आई त्यांच्या बाजूला बसली आहे. तिला कोणी बांधून बसवलेलं नव्हतं. दोरांमध्ये उभं राहायला मिळावं म्हणून ती काहीही द्यायला तयार होती. मान, नाव, डोकं. आता मलाही. आणि हे करण सरांनी माझ्याआधी ओळखलं होतं. तिची भूक बघून त्यांनी धंदा उभा केला आणि वर तिलाच विचारलं, तुमची मर्जी ना?

मी जिमचा फोन आणि गळ्यातलं ओळखपत्र बाकावर ठेवलं. सर म्हणाले, "ड्रामा नको करूस." मी म्हटलं, "ड्रामा तुमच्याकडे ठेवून जातेय." आणि आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. ती पूर्ण जिना मला शिव्या देत उतरली. पण माझ्या खांद्यावरचा तिचा भार कमी झाला नाही.

तपासण्या झाल्या. डॉक्टर बाई समजूतदार होत्या. त्यांनी मराठीत, सोपं करून, मेंदूचं चित्र दाखवून सांगितलं. जुने मार साठलेले आहेत. जे गेलं ते परत येणार नाही, पण इथे थांबवता येईल. आता डोक्याला एकही ठोसा नको.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "म्हणजे अंगावर चालेल."

बाबा हसले. मी नाही हसले. ती थट्टा करत नव्हती हे मला दिसत होतं.

दोन आठवडे ती घरी नीट राहिली. फार नीट. वेळेवर गोळ्या, वेळेवर झोप. मला ते खरं वाटेना. मग एका दुपारी तिची बॅग दाराजवळ दिसली आणि बॅगेत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या, धुऊन, घडी घालून. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, मुलुंडला कोणीतरी असंच सुरू केलंय, ऑफिसच्या लोकांसाठी. तिला फोन आला होता. मग म्हणाले, "तिच्या आड उभी राहू नकोस. ती बाजूने निघून जाईल. आयुष्यभर तेच शिकलीय ती."

मी आड उभी राहिले नाही. मी मुलुंडला फोन केला. माझ्या शाळेने मला जे इंग्रजी दिलं, स्वच्छ, थंड, ज्याला असे लोक उभे राहून उत्तर देतात, ते सगळं वापरलं. तिचा रिपोर्ट काय आहे ते सांगितलं. हे तुम्हाला आता माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे, असं सांगितलं. तिला रिंगमध्ये उतरवलंत तर मी पोलिसांत जाईन, आणि जाताना एकटी जाणार नाही, असंही. शेवटी म्हटलं, तुमच्या मेंबरना पाडायला माणूस लागतच असेल, तर आपापसांत पडा.

त्यांनी तिला नको म्हणून कळवलं. कारण सांगितलं. माझं नावही सांगितलं.

आई स्वयंपाकघरातून आली. हात ओले होते.

"तू केलास फोन?"

"हो."

"माझी रिंग तू बंद केलीस."

"हो."

"तू कोण गो?"

तिला उत्तर नकोच होतं. ती माझ्यासमोर उभी राहिली, हनुवटी आत, खांदे वर. मला वाटलं, मारेल. तिने मारलं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, ठेवते, आत जाते. नातेवाइकांना सांगते, मुलीला शिकवलं आणि मुलगी साहेब झाली.

ती म्हणते त्यात खोटं काही नाही. तिच्या आयुष्यातली एकच गोष्ट जी तिची स्वतःची होती, ती मी तिच्या हातातून काढून घेतली आहे. तिला न विचारता. मी तिला विचारणारही नाही. विचारायचं आणि तिच्या होकाराआड लपायचं, हे मी एकदा बघितलं आहे.

काल ती फोनवर कोणाशी तरी बोलताना बोरिवली म्हणाली आणि मला बघून गप्प झाली. बोरिवलीत अशा तीन जागा आहेत, मी शोधून काढल्या. कोणती ते ती सांगणार नाही. सांगायची गरज नाही. मी तिन्ही ठिकाणी जाणार आहे, आणि या वेळी फोन करणार नाही, समोर जाऊन उभी राहणार आहे.